सुरकुती, सुई आणि सुरी

वय लपवू म्हटले तरी लपत नाही. केसांना कलप लावता येतो, पडलेल्या दातांच्या जागी कवळी बसविता येते. परंतु गालांची उतरण, जबड्याच्या कडेला लोंबू लागलेली कातडी आणि गळ्यावर उमटणाऱ्या त्या दोन उभ्या पट्ट्या, यांचे काय करावे? ययाती राजाने हा प्रश्न आपल्या मुलाचे तारुण्य मागून घेऊन सोडविला. ती सोय आपणांस नाही. विसाव्या शतकातील माणसाने तोच प्रश्न शस्त्रवैद्यापुढे नेऊन ठेवला.

इतिहासाच्या मास्तराने या विषयात कशाला पडावे, असे आपण विचाराल. लढाया आणि तह सोडून हा गालांकडे कुठे वळला? पण वाचकहो, माणसाच्या आशेला आणि संकोचालाही इतिहास असतो. शिवाय आज मुंबई-पुण्याच्या दवाखान्यांतून हे उपाय मिळतात, त्यांच्या जाहिराती घरोघर पोचतात आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला त्यांतून एक निवडावा लागतो. सुई घ्यावी की सुरी? नुसता चेहरा वर ओढावा की मानही? प्रत्येक उपाय 'अगदी नवा' म्हणून सांगितला जातो. त्यांतले मूळ विचार बहुतेक शंभर वर्षांपूर्वीचे आहेत आणि प्रत्येकाच्या मागे कोणी तरी मोजलेली किंमत आहे. ती ठाऊक असलेली बरी.

प्रथम एक गोष्ट आपल्या घरची. जिवंत कातडी एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येते, हे ज्ञान सुश्रुताच्या ग्रंथात आहे आणि ते व्यवहारात टिकून होते ते आपल्या पुण्याच्या परिसरात. कावसजी नावाचा इंग्रज फौजेतील एक गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला आणि नाक व एक हात गमावून परत आला. पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळावरची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून पाहायचा, मग तो कपाळावर पसरून त्याच्या कडेने रेघ मारायची आणि तेवढीच कातडी सोडवायची. दोन भुवयांच्या मधला जोड मात्र तोडायचा नाही, म्हणजे रक्त पोचत राहते. ही हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शस्त्रवैद्याने १८१४ साली तसेच नाक केले, आणि युरोपात या विद्येचा पुन्हा उदय झाला.

पण कावसजीचे नाक कापले गेले होते. उतरलेल्या गालाचे तसे नाही. तेथे कोणी काही कापलेले नसते, नुसता काळ गेलेला असतो. गेलेले परत आणणे वेगळे आणि जे सगळ्यांचेच जाते ते अडविणे वेगळे. म्हणूनच दुसऱ्या कामाला हात घालताना डॉक्टरांना बराच काळ लाज वाटत होती.

या कामाची पहिली वाट सुईची. व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी याने १८९९-१९०० च्या सुमारास व्हॅसलीनसारखे मऊ पॅराफिन शरीरात टोचून खळगे भरून काढण्याची युक्ती मांडली. काय सोपे काम! ना कापाकापी, ना टाके. पाच मिनिटांत खळगा भरला, सुरकुती गेली. युरोप-अमेरिकेत या सुईची एकच लाट उसळली. पुढे काय झाले? मेण ते मेणच. ते जागेवरून घसरू लागले, त्याच्याभोवती कठीण गाठी धरू लागल्या, काही ठिकाणी कातडी लाल होऊन फुटली, आणि रक्तवाहिनीत शिरले तेव्हा कोणाची दृष्टीही गेली. ग्लॅडिस डीकन ही त्या काळची गाजलेली सुंदरी, पुढे मार्लबरोच्या ड्यूकची पत्नी झाली. तिने विशीतच नाकाची रेषा ग्रीक पुतळ्यासारखी व्हावी म्हणून पॅराफिन टोचून घेतले. कालांतराने ते खाली हनुवटीकडे उतरले. घातलेले मेण काढायचे म्हणजे त्याच्याबरोबर चांगले मांसही काढावे लागे. आत जाण्याची वाट होती, बाहेर येण्याची नव्हती.

दुसरी वाट सुरीची. १९०१ साली बर्लिनमध्ये ऑयगेन होलेंडर या डॉक्टरकडे एक पोलिश उमराव घराण्यातील बाई आली. कानापुढची कातडी कोठे कापावी म्हणजे गाल वर जाईल, याचे चित्र तिने स्वतःच काढून आणले होते म्हणे! बाईच्या आग्रहाला आपण बळी पडलो, असे होलेंडरने पुढे लिहिले. आणि तेही कधी, तर तीस वर्षांनंतर. बर्लिनच्या त्या कामानंतर १९०६ साली एरिख लेक्सर याने एका नटीच्या चेहऱ्यावर अशीच शस्त्रक्रिया केली. ती हकीकतही १९३१ मध्ये बाहेर आली. मोठ्या नावाचे डॉक्टर हे काम करीत, पण बोलत नसत. निरोगी माणसाच्या अंगावर शस्त्र चालवावे काय, हा प्रश्न त्यांना टोचत होता. बोलत कोण, तर शिकागोच्या चार्ल्स मिलरसारखे लोक. त्याने १९०७ साली या विषयावर पुस्तकच काढले. कोणी त्याला या शास्त्राचा आद्य पुरुष म्हणतात, कोणी भोंदू. जाणते लोक गप्प बसले की बाजार बोलक्यांच्या हाती जातो, तसे येथे झाले.

ही कोंडी फोडली ती एका बाईने. तिचे नाव सुझान नोएल. १८७८ मध्ये फ्रान्समधील लाँ या गावी तिचा जन्म. लग्नानंतर ती वैद्यक शिकली. १९१२ साली प्रख्यात नटी सारा बर्नहार्ट अमेरिकेहून चेहऱ्याची शस्त्रक्रिया करवून परतली, त्याची वार्ता वाचून सुझानचे कुतूहल जागे झाले. आरशासमोर उभे राहून आपल्याच चेहऱ्याची कातडी चिमटीत धरून ती पाहू लागली, की कोठे ओढले असता काय वर जाते. मग पहिले महायुद्ध आले. तोफांच्या माऱ्यात जबडे आणि गाल गमावलेले सैनिक पॅरिसच्या रुग्णालयांत येऊ लागले. इपॉलित मॉरेस्तँ या कुशल शस्त्रवैद्याच्या हाताखाली तिने ते चेहरे शिवण्याचे शिक्षण घेतले.

युद्धानंतर तिने आपल्या घरीच दवाखाना मांडला. जागा बधीर करून केसांच्या कडेने आणि कानापाशी कातडीचा लहानसा तुकडा काढायचा, टाके केसांखाली झाकायचे, आणि बाईने त्याच दिवशी घरी जायचे. एकदाच मोठे काम करण्यापेक्षा थोडे थोडे करावे, अशी तिची रीत. १९२६ साली तिचे पुस्तक निघाले. त्याच्या नावातच सौंदर्यशस्त्रक्रियेचे 'सामाजिक कार्य' असे शब्द आहेत. डोके फिरले का हिचे, असे लोकांना वाटले असेल! गालाच्या सुरकुतीत सामाजिक ते काय?

नोएलचे उत्तर असे की, माझ्याकडे येणाऱ्या सगळ्याच बायका नटव्या नाहीत. दुकानात, कचेरीत, रंगभूमीवर पोट भरणाऱ्या बायकांना चेहरा उतरला की काम मिळत नाही. पुरुषाचे पांढरे केस अनुभव म्हणून खपतात, बाईच्या सुरकुत्या खपत नाहीत. हे न्यायाचे आहे, असे तिचे मुळीच म्हणणे नव्हते. बायकांना मत मिळावे म्हणून ती चळवळीत होती; फ्रान्समध्ये तो हक्क १९४४ साली मिळाला. १९२४ साली तिने पॅरिसमध्ये नोकरी-व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांचा सोरॉप्टिमिस्ट क्लब काढला. म्हणजे समाज बदलण्याचे काम एका हाताने आणि समाज बदलेपर्यंत बाईची भाकर वाचविण्याचे काम दुसऱ्या हाताने. या दोहोंत विसंगती नाही काय? आहे. एक एक चेहरा तरुण करून देणारा डॉक्टर 'तरुणच दिसले पाहिजे' या सक्तीला थोडे बळच देतो. पण उद्या कामावरून काढली जाणारी बाई दारात उभी असता तिला तत्त्वज्ञान सांगून परत पाठवावे काय? नोएलने पाठविले नाही. मला तरी तिचा दोष दिसत नाही.

तथापि तिच्या आणि तिच्या काळच्या सगळ्यांच्याच रीतीत एक उणीव होती. ते कातडी ओढत होते. कातडी म्हणजे काही आधाराचा दोर नव्हे. ताणली की पुन्हा सैल पडते. फार ताणली तर तोंड वाऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसासारखे दिसते, व्रण रुंदावतो आणि कानाची पाळी खाली खेचली जाते. गादीतला कापूस एका बाजूला उतरला असता नुसती खोळ ओढून काय होणार?

कापूस कोठे आहे, हे कळायला आणखी पन्नास वर्षे लागली. स्वीडनच्या टोर्ड स्कूग याने १९७४ साली कातडी तिच्याखालच्या पापुद्र्यासह उचलण्याची रीत मांडली. १९७६ साली मिट्झ आणि पेरोनी या दोघांनी पॅरिसमध्ये प्रेतांवर अभ्यास करून त्या पापुद्र्याचे नीट वर्णन केले. गालातील चरबीच्या खाली हा चिवट पडदा असतो, आणि तोच खाली गळ्यातील प्लॅटिस्मा या पातळ, पसरट स्नायूला जाऊन मिळतो. गळ्यावरच्या त्या उभ्या पट्ट्या म्हणजे याच स्नायूच्या सुट्या झालेल्या कडा. तेव्हा गाल आणि गळा हे एकाच कापडाचे दोन पदर आहेत, हे ध्यानात आले. मग ओढ त्या पडद्यावर घ्यायची आणि कातडी वर नुसती अलगद बसवायची, असा क्रम सुरू झाला. १९९० साली फेल्डमन याने हनुवटीखाली लहान छेद घेऊन प्लॅटिस्माच्या कडा मधोमध शिवण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यामुळे परिणाम अधिक टिकू लागला. पण काम खोल गेले, आणि चेहरा हलविणाऱ्या मज्जातंतूच्या शाखा त्या पडद्याखालूनच जातात. हात जितका खोल, तितका तो जाणता हवा.

एवढ्यात सुई परत आली. डोळ्यांचा तिरळेपणा बरा करण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट याने बोट्युलिनम हे विष अत्यल्प मात्रेत वापरले. अमेरिकन सरकारने १९८९ मध्ये त्याला मान्यता दिली. कॅनडातील कॅरुथर्स दांपत्याच्या लक्षात आले की, त्याने भुवयांमधल्या आठ्याही जातात. त्या कामासाठी २००२ साली मान्यता मिळाली. २००३ मध्ये खळगे भरण्याच्या हायलुरॉनिक आम्लाच्या औषधालाही अमेरिकेत मान्यता मिळाली. हे गेर्सुनीच्या मेणापेक्षा पुष्कळ सुरक्षित, कारण ते कालांतराने विरते आणि गरज पडल्यास दुसऱ्या औषधाने विरघळविताही येते. पण रक्तवाहिनीत शिरल्यास दृष्टी जाण्याचा जुना धोका याही सुईला आहे. आणि आठी घालविणारी सुई लोंबणारी कातडी उचलू शकत नाही, कितीही वेळा घेतली तरी.

तर वाचकहो, शंभर-सव्वाशे वर्षांचा हा अनुभव निवड करणाऱ्याला काय सांगतो? पहिले हे की, उपाय विचारण्याआधी दुखणे विचारावे. चेहऱ्यावरून नेमके काय उतरले आहे? स्नायूच्या आकसण्याने आठी पडली असेल, तर सुई पुरते. तिचा गुण तीन-चार महिन्यांचा. चरबी झिजून खळगा पडला असेल, तर भरणी करावी. हनुवटीखाली नुसती चरबी साठली असेल आणि कातडी अजून घट्ट असेल, तर चरबी काढून भागते. पडदा आणि स्नायूच खाली आले असतील, तर मात्र शस्त्रक्रियेला पर्याय नाही, आणि तेव्हा गालाबरोबर मानेचाही विचार करावा. नाही तर चेहरा चाळिशीचा आणि गळा साठीचा, असे विजोड दिसते.

दुसरे, बिघडल्यास मागे फिरता येते काय, हे विचारावे. मेणाच्या काळात हे कोणी विचारले नाही. तंबाखू ओढणाऱ्याची सोडविलेली कातडी रक्ताअभावी मरण्याची भीती अधिक, रक्तदाब चढा असेल तर आत रक्त साकळण्याची भीती अधिक. हे डॉक्टरला आधी सांगावे आणि त्यानेही आधी पुसावे. जो डॉक्टर धोके सांगताना आवाज हळू करतो, त्याच्याकडून उठून यावे हे बरे.

आणि तिसरे, हे आपण कोणासाठी करीत आहोत? स्वतःच्या समाधानासाठी असेल तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. पोटासाठी असेल तर नोएलच्या दारातल्या बायकांची आठवण ठेवावी. त्या हौसेने आल्या नव्हत्या. पण दुसऱ्या कोणी म्हटले म्हणून असेल, तर थोडे थांबावे. काहीच न करणे हाही एक उपाय आहे. त्याला सुई लागत नाही की सुरी लागत नाही, आणि सर्व उपायांत तोच सर्वांत जुना आहे.