असईच्या तोफा आणि हौगांगचे टेबल

शाळेच्या सुट्टीत भाच्याला लढाईच्या खेळाचे वेड लागले. हौगांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर हिरवे कापड अंथरायचे, बोटभर उंचीचे सैनिक मांडायचे, पट्टीने चाल मोजायची आणि फासे टाकून कोण पडले ते ठरवायचे. नियमांचे पुस्तक नेपोलियनच्या काळातल्या युरोपी लढायांसाठी लिहिलेले. मी म्हटले, वॉटर्लू पुरे. तिथे 1815 साली नेपोलियनला हरवणारा वेलस्ली त्याआधी बारा वर्षे आपल्या जालना जिल्ह्यात काय करत होता, ते मांडू.

23 सप्टेंबर 1803. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई गाव. महादजी शिंद्यांनी डी बॉईनकडून कवायती कंपू उभे करून घेतले होते. त्याच परंपरेतले सुमारे 10,800 पायदळ दौलतरावांच्या वतीने पोलमन या जर्मन सरदाराच्या हाताखाली केळणेच्या काठाने दक्षिणेकडे तोंड करून उभे होते. सोबत शंभराच्या आसपास तोफा. वेलस्लीकडे प्रत्यक्ष लढणारे साडेचार हजार. एका बाहुल्याला 50 माणसे धरली, तर त्याचे 90 बाहुले आणि पोलमनचे 216.

समोरून नदी ओलांडणे म्हणजे मरणच. वाटाड्यांनी दुसरा उतार नाही असे सांगितले. पण पिंपळगाव आणि वरूड ही गावे दोन्ही तीरांवर समोरासमोर आहेत, म्हणजे उतार असणारच, असा वेलस्लीने तर्क केला. तर्क बरोबर निघाला आणि तो पोलमनच्या डाव्या बगलेवर आला.

इथे आमचे पुस्तक अडले. तीन फुटांची रांग पूर्वेकडे वळवायची, तर बाहेरच्या टोकाला 56 इंच चालावे लागते. एका चालीत 12 इंच, म्हणजे पाच चाली. पहिल्या डावात भाच्याचा पोलमन आडवाच सापडला. खरा पोलमन सापडला नाही! त्याच्या पलटणींनी गोऱ्यांची मांडणी पुरी होण्याआधी काटकोनात तोंड फिरवले. उजवे टोक केळणेवर, डावे असईवर, तोफा समोर. तेव्हा आम्ही नियम बदलला: प्रत्येक पलटण स्वतंत्रपणे वळेल.

तोफांचेही तसेच. पुस्तकात तोफा ओढायला घोडे. वेलस्लीच्या तोफांना बैल होते आणि ते पटापट पडले. तोफा मागे टाकून त्याला पायदळ पुढे काढावे लागले. गावाच्या आसऱ्याला घट्ट बसवलेल्या तोफांपासून दूर राहायचे, असा त्याचा बेत होता. पण उजवीकडची तुकडी भरकटून असईकडे गेली, मागोमाग 74वी पलटण गेली, आणि त्या पलटणीची सुमारे चारशे माणसे मेली वा जखमी झाली.

खरा वाद मात्र गोलंदाजांवरून झाला. पुस्तक सांगते, शत्रूचे पायदळ तोफेवरून पुढे गेले की तोफ टेबलावरून उचलायची. असईला काही गोलंदाज तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले. रांग पुढे गेल्यावर उठले आणि तीच तोफ फिरवून गोऱ्यांच्या पाठीवर डागू लागले. वेलस्लीला स्वतः पायदळ-घोडदळ घेऊन मागे यावे लागले.

भाचा म्हणाला, ‘‘मामा, मेलेले परत कसे उठतील? हे चीटिंग आहे.’’

‘‘अरे, मेलेच नव्हते ते.’’

शाळेत आम्हाला असई एका ओळीत शिकवली होती: इंग्रज जिंकले. जिंकले हे खरेच. 98 तोफा त्यांच्या हाती लागल्या. शिंदे-भोसल्यांनी मैदान लवकर सोडले, त्याचा राग मला अजून येतो. पण इंग्रजांची दीड हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली, म्हणजे लढणाऱ्यांपैकी तिसरा हिस्सा. पुढे म्हातारपणी, सर्वांत चांगली कामगिरी कोणती असे विचारल्यावर त्याने वॉटर्लू नव्हे, असई सांगितली.

शेवटी असे ठरले: ओलांडलेल्या तोफेसाठी फासा टाकायचा, पाच किंवा सहा पडले तर गोलंदाज उठतील. दुसऱ्या डावात लागोपाठ दोनदा सहा पडले. वेलस्लीकडून मी खेळत होतो. माझे उरलेसुरले घोडेस्वार मागे फिरवतो आहे, तोच बहिणीने ताटे मांडायला टेबल मागितले.