बाळाचे दुपटे केव्हा आणि कसे सोडावे

आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांत लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे इथे सायलीला किंवा सिल्वासाला येते आणि तीन-साडेतीन महिन्यांनी बाळाला घेऊन सासरी जाते. बाळाला गुंडाळून निजवणे बंद करायचे दिवसही नेमके हेच. माहेरची आजी म्हणते अजून लहान आहे, सासरची आजी दुसरेच सांगते, आणि बाळाची आई मधल्या मध्ये. आमच्याकडे नातीच्या वेळी हेच झाले, म्हणून डॉक्टरांना विचारून आणि थोडे वाचून ही माहिती इथे देत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे प्रत्येक गोष्टीची मुदत आधी बघायची, एवढी एक सवय आहे.

दुपट्यालाही मुदत असते. नवजात बाळ झोपेत दचकते, दोन्ही हात फैलावते आणि स्वतःच्याच हालचालीने जागे होऊन रडते. डॉक्टर याला मोरो प्रतिक्षेप म्हणतात. पहिले दोन महिने तो जोरात असतो आणि साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यापर्यंत जातो. जुन्या धुवट लुगड्याच्या मऊ दुपट्यात हात अंगाशी बांधलेले असले की बाळ दचकून उठत नाही, शांत झोपते. आपल्या आज्यांचे यात काही चुकत नव्हते.

प्रश्न येतो तो बाळ कुशीवर वळू लागते तेव्हा. पालथे पडलेले मोकळे बाळ हातांवर जोर देऊन मान वळवते. हात बांधलेले असतील तर त्याला ते जमत नाही आणि नाक-तोंड गादीत दबते. आमची नात साडेतीन महिन्यांची असताना रात्री दोनच्या सुमारास सौ. पाणी प्यायला उठल्या, तेव्हा ती दुपट्यासकट पूर्ण कुशीवर वळून लोडाला तोंड लावून होती. आवाज नाही, रडणे नाही. सौं.नी उचलल्यावर ती रडली, आणि ते रडणे ऐकून आम्हांला किती बरे वाटले ते काय सांगावे! त्या दिवसापर्यंत ती एकदाही वळलेली आम्ही पाहिली नव्हती. लोड तर आम्हीच ठेवला होता, पडू नये म्हणून.

म्हणून बाळ पालथे पडेपर्यंत थांबू नये. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2022 च्या सूचनांत सांगितले आहे की बाळ वळण्याचा प्रयत्न करताना दिसले की गुंडाळणे बंद करावे. हे बहुधा तीन ते चार महिन्यांत होते, कधी त्याआधीही. पाय उचलून एका बाजूला टाकणे, कमरेतून वळणे, दुपट्यातून सारखे हात बाहेर काढणे ही चिन्हे. तारीख लक्षात ठेवायला सोपा उपाय म्हणजे लसीकरणाचे कार्ड. सरकारी वेळापत्रकात लशी 6, 10 आणि 14 आठवड्यांना असतात. 14 आठवड्यांची लस होईपर्यंत दोन्ही हात मोकळे झालेले असावेत, असे आम्ही घरात ठरवून टाकले असते तर ती रात्र आली नसती. लशीला सरकारी हॉस्पिटलमध्ये किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा हेही विचारून घ्यावे. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेले असेल तर विचारावेच. आशाताईही तिसऱ्या महिन्यात घरी येतात.

सोडायचे कसे

बाळ अजून वळत नसेल तर हप्त्याहप्त्याने सोडता येते. आधी एक हात बाहेर ठेवून छाती सैल गुंडाळावी. तीन-चार रात्रींनी दुसरा हात बाहेर काढावा. आणखी तीन-चार रात्रींनी दुपटे बाजूला ठेवून नुसते झबले. सुरुवात दिवसाच्या झोपेपासून केली तर घरातल्यांची एखादी रात्र वाचते. वळण्याची चिन्हे दिसली असतील तर मात्र हप्ते नाहीत, त्याच दिवशी दोन्ही हात मोकळे.

यात चार-सहा रात्री त्रास होतो, कुणाकुणाकडे जास्त. बाळ दचकून उठेल. लगेच उचलू नये. छातीवर तळहात ठेवावा, रोजचीच अंगाई त्याच आवाजात म्हणावी, दिवा मंद असावा. आमच्या लेकीने तिसऱ्या रात्री कंटाळून दुपटे पुन्हा मागितले होते. सौं.नी ते आधीच कपाटात कुलूपबंद करून ठेवले होते, आणि त्यावरून घरात थोडी वादावादीही झाली. पाचव्या रात्रीपासून नात बरी झोपू लागली.

गुंडाळलेले असो वा मोकळे, बाळाला निजवायचे उताणेच. ते स्वतःहून दोन्ही बाजूंना सहज वळू लागले की निजवताना उताणे ठेवावे, पुढे वळले तर वळू द्यावे. दिवसा जागे असताना सतरंजीवर समोर बसून पालथे ठेवावे, त्याने मान आणि हात बळकट होतात.

दुपटे गेले की घरातले लोक त्याची भरपाई दुसऱ्या कपड्यांनी करतात, तेही टाळावे. लोड, गोधडी, मऊ खेळणी झोपेच्या जागी नकोत. वर्षाच्या आत उशी नको, यात राईची उशीही आली, हे ऐकून अनेक आज्या नाराज होतील. गळ्यातला काळा दोरा झोपताना काढावा. आपल्या गुजराती शेजाऱ्यांचे घोडियुं आणि आपली झोळी यांत कापडाला बाक येतो, बाळाची हनुवटी छातीला टेकते. झोपेसाठी सपाट, टणक जागा हवी. झोळीत झोप लागलीच तर उचलून गादीवर ठेवावे. बाजारात वजनदार झोपपिशव्या मिळतात, त्या घेऊ नयेत. बिनबाह्यांची साधी सुती पिशवी चालते, पण आपल्याकडच्या दमट उन्हाळ्यात तिचीही गरज नसते. बाळाच्या मानेमागे हात लावून पाहावा. घाम असेल तर कपडे जास्त झाले. हातपाय गार लागणे म्हणजे थंडी वाजणे नव्हे.

एक गोष्ट लहान बाळांसाठी, ज्यांचे दुपटे अजून चालू आहे. पाय सरळ करून घट्ट बांधू नयेत, खुब्याचा सांधा निसटू शकतो. जपानमध्ये बाळांचे पाय असे ताणून बांधू नयेत यासाठी 1975 पासून मोहीम झाली आणि तिथे खुब्याचा हा दोष खूप कमी झाला. हात बांधावेत, पण कमरेखाली दुपटे सैल हवे, गुडघे दुमडून बाहेर पडतील इतके.

लेक सासरी निघाली तेव्हा तिच्या पिशवीत लसीचे कार्ड होते, त्याला आम्ही एक चिठ्ठी टाचली. विहीणबाईंना उद्देशून दोनच ओळी होत्या: हात मोकळे ठेवून आठ रात्री झाल्या आहेत, कृपया पुन्हा गुंडाळू नये, लोड ठेवू नये, कारण फोनवर सांगतो. दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला आणि सौ. त्यांच्याशी तासभर बोलत होत्या.