ओंडक्याची फळी कुठे झाली? ठाणे-कल्याणच्या लाकूडकापणीचा इतिहास

आजचा विषय लाकूडकापणीचा, म्हणजे सागाच्या, शिसवीच्या, ऐनाच्या ओंडक्यांच्या फळ्या पाडण्याचा. जंगलाच्या इतिहासात झाड कुणी तोडलं हे आपण नेहमी विचारतो. आज आम्ही त्याच्या पुढचा प्रश्न विचारणार आहोत. तोडलेल्या झाडाची फळी कुठे झाली? रानात, बंदरावर, शहरातल्या वखारीत, की आणखी कुठे? कारण ओंडक्याची किंमत एक असते आणि फळीची दुसरी. या दोन किमतींमधला फरक कुणाच्या पदरात पडला, हे फळी कुठे झाली त्यावर ठरत आलं आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात हे फार स्पष्ट दिसतं.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणू. पूर्वेला सह्याद्री, त्याच्या पायथ्याला शहापूर आणि मुरबाड. तिथून भातसा आणि काळू या नद्या खाली येतात आणि कल्याणच्या वरच्या अंगाला त्यांचं पाणी उल्हासला मिळतं. पुढे खाडी, आणि खाडीतून समुद्र. वर लाकूड, खाली बंदर. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने कल्याणचा उल्लेख मोठं बंदर म्हणून केला आहे. तिथून बाहेर जाणाऱ्या मालात पितळ आणि कापडाबरोबर तो शिसवीसारख्या लाकडाचे ओंडके सांगतो. ओंडके हा शब्द लक्षात ठेवा. फळ्या नव्हेत, ओंडके. म्हणजे कापण्याचं काम, आणि त्यातली कमाई, तेव्हाही बहुधा माल जिथे उतरायचा तिथलीच.

आता सतराव्या शतकात येऊ. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि थोड्याच काळात इथे जहाजबांधणी सुरू झाली. रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगीजाच्या देखरेखीखाली सुरुवातीचं काम झालं, आणि वसईच्या पोर्तुगीजांना त्याची काळजी वाटू लागली. याचा एक अर्थ असा की इथलं लाकूड आता इथेच कापलं जाऊ लागलं. जहाजाला नुसते ओंडके चालत नाहीत. तळाला लांब सलग तुळई लागते, बाजूंना एकसारख्या जाडीच्या फळ्या लागतात. म्हणजे बंदरावर करवत चालवणारे, सुतार, लोहार अशी सगळी वस्ती उभी राहते. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाचे नियम आले. साग वगैरे लाकूड परवानगीने तोडावं. आंबा-फणसासारखी झाडं रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात, त्यांना हात लावू नये. झाड अगदी जुनं झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन मगच घ्यावं. झाडाच्या मालकाला किंमत मिळाली पाहिजे, हा विचार आपल्याकडे तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला आहे.

ही कापणी व्हायची कशी? दोन माणसं आणि एक लांब करवत. ओंडका तिकाटण्यावर तिरपा टेकवायचा किंवा खड्ड्यावर आडवा ठेवायचा. एक गडी वर, एक खाली. काव किंवा काजळी लावलेली दोरी ताणून ओंडक्यावर सूत मारायचं आणि त्या रेषेवरून करवत ओढायची. वरच्याचं लक्ष रेषेवर, खालच्याच्या डोळ्यांत भुसा. पण या पद्धतीत एक सोय होती. ओंडका हलवावा लागत नव्हता. जिथे झाड पडलं तिथेच फळ्या, आणि फळ्या डोक्यावरून, बैलगाडीतून, जमेल तशा खाली.

मग इंग्रजांचा काळ. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी सागाची जहाजं बांधत होती, त्यांना पश्चिम किनाऱ्याचं लाकूड लागत होतं. १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात जंगलखातं सुरू झालं आणि डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचे पहिले प्रमुख झाले. १६ एप्रिल १८५३ ला रेल्वे ठाण्याला आली, पुढच्या वर्षी मे महिन्यात कल्याणला, आणि १८६० च्या दशकात शहापूर तालुक्यातून कसारा घाट चढून वर गेली. रुळांखाली लाकडी स्लीपर, डब्यांना सागाचे सांगाडे. शिवाय हीच गाडी रानातला अख्खा ओंडका उचलून शहरात आणून टाकू लागली. वाफेवर आणि पुढे विजेवर चालणाऱ्या करवती शहरात आल्या. त्या जागच्या हलत नाहीत, म्हणून ओंडक्यानेच त्यांच्याकडे जायचं. कापणी रानातून उठून वखारीत गेली.

याच काळात कायदाही आला. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव जंगलं आखली. ठाणे जिल्ह्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजायला फांद्या-पाला तोडावा लागतो. त्यावरून एवढा असंतोष झाला की सरकारने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या जंगलप्रश्नावर आयोग नेमला, त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. आणि आपल्या विषयाला अगदी चिकटलेली गोष्ट १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात आहे. त्याच्या ४१ व्या कलमाखाली सरकार करवतीच्या खड्ड्यांवर बंदी घालू शकतं. बरं का, खड्ड्यांवर! कारण रानात खड्डा खणून दोन माणसं फळ्या पाडू शकतात. ओंडक्यावर सरकारी हातोड्याची खूण असते, ती ओळखता येते. फळ्या झाल्या की खूण गेली, लाकूड कुठलं ते सांगता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने ही भीती खरीच होती. पण तिचा परिणाम असा झाला की रानाजवळच्या माणसाच्या हातात कुऱ्हाड राहिली आणि करवत गेली. तोडायची मजुरी त्याची, फळीची किंमत शहराची.

ती मजुरी तरी कशी होती? त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आज पालघरमध्ये गेलेल्या तलासरी-डहाणू भागात, वारली माणसं वेठबिगारीत अडकलेली होती. १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उठाव झाला, १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. पुढच्या वर्षी जंगलकामगारांचा संप झाला. मागणी दिवसाला सव्वा रुपयाची. लाकडाच्या व्यापाऱ्यांना ती अखेर मान्य करावी लागली. सव्वा रुपया आज ऐकायला किरकोळ वाटतो. पण ज्याच्या श्रमाला भावच नव्हता, त्याला भाव मिळाला.

सरकारी बाजूनेही हालचाल झाली. सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने १९३९ च्या अहवालात आदिवासींच्या पिळवणुकीचं वर्णन करून ठेवलं होतं. बाळ गंगाधर खेर यांच्या पुढाकाराने १९४७ पासून जंगल कामगार सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या. ठेकेदाराऐवजी सोसायटीला कूप मिळायचा. हे मोठंच पाऊल होतं, आणि त्यात ठाणे जिल्हा आघाडीवर होता. तरी आपला सुरुवातीचा प्रश्न शिल्लक राहिला. सोसायटीचं लाकूडही मुख्यतः ओंडक्याच्या रूपातच विकलं गेलं. फळी झाली ती शहरातल्या वखारीत.

आता यंत्रांकडे वळू. वखारीतली पट्ट्याची करवत, म्हणजे बॅण्ड सॉ, हिचा काप साधारण दोन-अडीच मिलिमीटरचा. चेन सॉचा काप नऊ मिलिमीटरच्या आसपास. एका जाड ओंडक्यातून दहा फळ्या काढायच्या तर मधले नऊ काप. बॅण्ड सॉवर भुसा होतो एक इंचापेक्षा कमी जाडीचा, चेन सॉवर तीन इंचांहून थोडा जास्त. म्हणजे दीड इंची दोन फळ्या भुशात गेल्या! मग चेन सॉ कशाला वापरायची? कारण तीही जुन्या करवतीसारखी झाडापाशी जाते. तिच्या पात्याला चौकट जोडली की ओंडका न हलवता सलग स्लॅब निघतात. जो ओंडका क्रेनशिवाय उचलताच येत नाही, त्याच्यासाठी तोच व्यवहार्य मार्ग. आजच्या चेन सॉच्या साखळीचा दात १९४७ मध्ये अमेरिकेत जोसेफ कॉक्स यांनी बनवला, लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून. पण आडव्या तोडीसाठी लावलेली साखळी उभ्या कापाला चालत नाही. धार वेगळ्या कोनात लावावी लागते, नाहीतर यंत्र तापतं आणि फळी लाटांसारखी उमटते.

कायद्याची पुढची पायरी म्हणजे गोदावर्मन खटला. १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने तोडीवर कडक निर्बंध घातले आणि २००२ मध्ये केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय नवी सॉ मिल उघडायला मनाई केली. जंगल वाचवायला याची गरज होती, यात शंका नाही. पण त्यामुळे ज्यांच्याकडे परवाना होता तेवढ्यांच्याच हाती कापणी राहिली. मुरबाडच्या शेतकऱ्याने बांधावरचा स्वतःचा साग परवानगी काढून तोडला तरी तो वाहतूक पास घेऊन परवानाधारक मिलपर्यंत न्यायचा, नाहीतर उभाच व्यापाऱ्याला विकायचा. बहुतेक जण विकतात.

आणि आपल्या शहरात काय चाललंय? दोन प्रकारचं चांगलं लाकूड रोज हाताखालून जातंय. एक म्हणजे पारनाका, टिळक चौक, ठाण्यात खारकर आळी अशा जुन्या भागांत पाडल्या जाणाऱ्या वाड्यांचं. कडीपाटाच्या तुळया, खांब, शंभर वर्षं वाळलेला साग. खिळे काढून तो पुन्हा करवतीवर चढतो आणि नव्या फर्निचरमध्ये जातो. घरमालकाला अनेकदा कल्पनाही नसते की पाडकामाच्या हिशेबात त्याने काय देऊन टाकलं. दुसरं म्हणजे पावसाळ्यात रस्त्यावर कोसळणारी झाडं. पर्जन्यवृक्षाच्या रुंद स्लॅबना टेबलांसाठी जगभर मागणी आहे. आपल्याकडे रस्ता मोकळा करायची घाई असते, म्हणून बुंध्याचे दोन-दोन फुटांचे तुकडे होतात. दोन फुटांच्या तुकड्याचं जळणाशिवाय फारसं काही होत नाही.

इथे आम्हाला एक साधी गोष्ट सुचवायची आहे. पडलेल्या झाडाचा सरळ बुंधा सात-आठ फुटांचा ठेवा, टोकांना रंग लावा म्हणजे चिरणार नाही, आणि कापणीचं काम, रीतसर परवान्याने, शहापूर-मुरबाडच्या जंगल कामगार सोसायट्यांना द्या. फळ्या पट्ट्या घालून सावलीत रचल्या तर इंचाला साधारण एक वर्ष या हिशेबाने वाळतात. यात जंगलातलं एकही झाड पडत नाही. हातोड्याची खूण पुसण्याची जी भीती कायद्याला वाटते, तीही इथे नाही, कारण झाड कुठल्या रस्त्यावर पडलं याची नोंद पालिकेकडे असतेच. कॉस्मसच्या काळापासून या भागाने ओंडके दिले आणि फळीचा भाव दुसऱ्यांनी घेतला. तो हिशेब बदलायची सुरुवात रस्त्यावर पडलेल्या झाडापासून करता येईल.