कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे : कार्यपद्धती आणि दुष्परिणाम

जयपूर : हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना दुसरा झटका टाळण्यासाठी कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध दीर्घकाळ घ्यावे लागते. मात्र राजस्थानातील डॉक्टरांच्या औषधचिठ्ठ्यांच्या तपासणीत वेगळेच चित्र दिसले होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, मोठ्या रुग्णालयांच्या तुलनेत प्राथमिक आणि दुय्यम स्तरावरील रुग्णांना ‘स्टॅटिन’ गटातील औषधे कमी प्रमाणात लिहून दिली जात होती. डॉ. राजीव गुप्ता हे या अभ्यासकांपैकी एक. जयपूरमधील नागरिकांच्या हृदयविकाराच्या जोखीम घटकांची नोंद ठेवणारी ‘जयपूर हार्ट वॉच’ ही सर्वेक्षणमालाही १९९०च्या दशकापासून त्यांच्याच पुढाकाराने चालत आली आहे.

किती असावे?

कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने जुलै २०२४ मध्ये रक्तातील मेदविकारांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार घातक मानले जाणारे ‘एलडीएल’ कोलेस्टेरॉल सर्वसामान्यांमध्ये प्रति डेसिलिटर १०० मिलिग्रॅमपेक्षा, मधुमेहासारखी जोखीम असलेल्यांमध्ये ७०पेक्षा आणि हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांमध्ये ५५पेक्षा कमी असावे. वयाच्या अठराव्या वर्षी पहिली तपासणी करावी, अशीही शिफारस आहे.

स्टॅटिन

जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी १९७०च्या दशकात बुरशीतून या गटातील पहिले द्रव्य वेगळे केले. १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या एका विकराला ही औषधे अटकाव करतात. उत्पादन घटल्याने यकृताच्या पेशी रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेतात. ॲटोर्व्हास्टॅटिन ४० ते ८० मिलिग्रॅम किंवा रोसुव्हास्टॅटिन २० ते ४० मिलिग्रॅम या मात्रेत एलडीएल सुमारे निम्म्याने उतरते. एलडीएल ३९ मिलिग्रॅमने कमी झाल्यास हृदयविकार, पक्षाघात आदी गंभीर घटनांचा धोका सुमारे एक पंचमांशाने घटतो.

स्नायूदुखी, यकृतातील विकरांच्या पातळीत किंचित वाढ आणि रक्तशर्करेत अल्प वाढ हे दुष्परिणाम आढळतात. स्नायूंच्या पेशी नष्ट होऊन मूत्रपिंडावर ताण येणे हा गंभीर प्रकार अत्यंत विरळा आहे; याच कारणाने सेरिव्हास्टॅटिन हे औषध २००१ मध्ये बाजारातून मागे घेण्यात आले. मात्र २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, स्टॅटिन घेणाऱ्यांच्या स्नायूदुखीच्या तक्रारींपैकी ९० टक्क्यांहून अधिक तक्रारींचे कारण ते औषध नव्हते. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविके व बुरशीरोधक औषधे सोबत घेतल्यास धोका वाढतो. गर्भवतींना ही औषधे सामान्यतः दिली जात नाहीत.

इझेटिमाइब आणि बेम्पेडोइक आम्ल

इझेटिमाइब आतड्यातून होणारे कोलेस्टेरॉलचे शोषण रोखते. त्याने एलडीएल सुमारे २० टक्क्यांनी घटते. स्टॅटिन पुरेसे ठरत नसल्यास ते जोडीला दिले जाते. पोटदुखी व जुलाब या तक्रारी क्वचित उद्भवतात.

बेम्पेडोइक आम्लही यकृतातील कोलेस्टेरॉल निर्मितीच रोखते. पण ते सक्रिय करणारे विकर स्नायूंमध्ये नसल्याने स्नायूदुखीची शक्यता कमी असते. त्यामुळे स्टॅटिन सहन न होणाऱ्यांसाठी हा पर्याय ठरतो. रक्तातील यूरिक आम्ल वाढणे, त्यातून उद्भवणारा गाउट आणि पित्ताशयातील खडे हे त्याचे दुष्परिणाम होत.

इंजेक्शने

‘पीसीएसके-९’ हे प्रथिन एलडीएल ओढून घेणारी यकृतावरील ग्राहके नष्ट करते. इव्होलोक्युमॅब व ॲलिरोक्युमॅब ही इंजेक्शने या प्रथिनाला निष्प्रभ करतात. ती साधारणतः दर दोन आठवड्यांनी घ्यावी लागतात. इन्क्लिसिरान हे औषध या प्रथिनाची निर्मितीच थांबवते. पहिल्या दोन मात्रांनंतर ते सहा महिन्यांतून एकदा दिले जाते. या उपचारांनी एलडीएल ५० ते ६० टक्क्यांपर्यंत कमी होते. टोचलेल्या जागी लाली व वेदना ही प्रमुख तक्रार असते. किंमत हा मात्र मोठा अडसर आहे.

ट्रायग्लिसराइडसाठी

फेनोफायब्रेट मुख्यतः ट्रायग्लिसराइड कमी करते. पित्ताशयातील खडे आणि रक्तातील क्रिएटिनिन वाढणे हे त्याचे संभाव्य परिणाम आहेत. याच गटातील जेम्फिब्रोझिल स्टॅटिनसोबत टाळले जाते. मधुमेही रुग्णांसाठी भारतातच विकसित झालेल्या सारोग्लिटाझारला २०१३ मध्ये देशात मान्यता मिळाली.

औषध परस्पर बंद करू नये

कोलेस्टेरॉल वाढल्याची लक्षणे जाणवत नाहीत आणि ते उतरल्याचेही जाणवत नाही. त्यामुळे अहवाल सामान्य येताच गोळ्या थांबवल्या जातात. परंतु औषध बंद होताच पातळी पुन्हा वाढते. ॲटोर्व्हास्टॅटिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत समाविष्ट आहे. तीव्र स्नायूदुखी, गडद रंगाची लघवी किंवा कावीळ दिसल्यास तातडीने डॉक्टरांकडे जावे. अन्य त्रासांत मात्रा घटवणे किंवा औषध बदलणे हा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.