जुनी ‘गोमेकॉ’ इमारत : रुग्णालयाचे झाले कलादालन

पणजी शहरातून मांडवीच्या काठाने कांपालकडे जाताना दयानंद बांदोडकर मार्गावर डाव्या हाताला एक लांबलचक, कौलारू इमारत दिसते. जुने गोवेकर तिला आजही ‘जुने मेडिकल कॉलेज’ म्हणतात. गोव्यातील आधुनिक वैद्यकीय शिक्षणाचा इतिहास या आवाराशी जोडलेला आहे.

वैद्यकीय शाळा

पोर्तुगीज राजवटीत १८४२ साली पणजीत ‘एस्कोला मेडिको-सिरुर्जिका’ ही वैद्यक व शल्यशास्त्राची शाळा सुरू झाली. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे आहे. म्हणजे पणजीची शाळा त्याहून तीन वर्षांनी जुनी. येथे शिकलेल्या अनेक गोमंतकीय डॉक्टरांनी आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींत सेवा केली. जंतुशास्त्रज्ञ डॉ. फ्रोइलानो दे मेलो हे या संस्थेचे संचालक होते. गोवामुक्तीनंतर शाळेचे ‘गोवा मेडिकल कॉलेज’ झाले. पुढे कॉलेज व इस्पितळ बांबोळीला हलले आणि पणजीतील जागा रिकामी झाली.

नवा उपयोग

२००४ साली भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव (इफ्फी) गोव्यात आला. त्यानिमित्ताने या परिसराची डागडुजी झाली व आवारात चार पडद्यांचे चित्रपटगृह उभे राहिले. शेजारचा माकिनेस पॅलेसही महोत्सवाच्या कामी आला. एप्रिल २००७ मध्ये रणजित होस्कोटे यांनी संयोजित केलेले ‘अपरान्त’ हे गोव्यातील समकालीन कलेचे प्रदर्शन जुन्या इमारतीत भरले. रुग्णांसाठी बांधलेली उंच छताची हवेशीर दालने चित्रांनाही शोभतात, हे तेव्हा लोकांनी पाहिले. २०१६ पासून डिसेंबरमध्ये होणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवाचेही हे प्रमुख स्थळ आहे.

जतनाचा प्रश्न

चिऱ्याच्या भिंती व चुन्याचा गिलावा असलेल्या जुन्या बांधकामात ओल आत शिरते, तशीच बाहेरही पडते. वरून सिमेंट थापले की ओल आत कोंडते, गिलाव्याला पोपडे धरतात आणि चिरा झिजतो. म्हणून दुरुस्ती चुन्यानेच करावी लागते व कौले दर वर्षी पावसाआधी चाळावी लागतात.

मोठे महोत्सव नोव्हेंबर-डिसेंबरात होतात, तर इमारतीला खरा धोका जून ते सप्टेंबरच्या पावसात असतो. एक कौल सरकले आणि ते महिनाभर कोणाच्या लक्षात आले नाही, तर खालचा वासा कुजतो. थोडक्या खर्चाची दुरुस्ती मग मोठ्या खर्चाची होते. त्यामुळे दोन महोत्सवांच्या जोडीला बारमाही वापर हवा : वाचनालय, कलावर्ग किंवा गोव्याच्या वैद्यकीय इतिहासाचे कायमचे दालन. शेवटचा पर्याय या वास्तूला विशेष साजेसा आहे. ज्या शाळेमुळे या जागेला नाव मिळाले, तिची ओळख चित्रे पाहायला येणाऱ्या तरुणांनाही तेथेच होईल.