श्रुती-हार्मोनियम

श्रुती-हार्मोनियम हे हिंदुस्थानी रागसंगीतातील सूक्ष्म स्वरस्थाने वाजवता यावीत म्हणून रूढ स्वरजुळणी सोडून वेगळ्या प्रकारे सुरात लावलेले हार्मोनियम होय. विसाव्या शतकाच्या आरंभी कृष्णाजी बल्लाळ देवल आणि अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी असे वाद्य पुढे आणले. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांची २२ श्रुतींची पेटी हे त्याचे अलीकडचे रूप आहे.

स्वरजुळणीचा प्रश्न

पेटीचा आवाज पितळी पट्टीच्या कंपनातून निघतो. पट्टी टोकाशी घासली की स्वर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. हे काम कारागिराच्या कानसेने एकदा होते; वाजवताना वादकाला स्वर हलवता येत नाही. त्यामुळे कोणत्या स्वरात लावायचे हा निर्णय पेटीच्या बाबतीत सतारीपेक्षा फार गंभीर ठरतो.

रूढ पद्धतीत सप्तकाचे १२ समान भाग करतात. प्रत्येक भाग १०० सेंट व संपूर्ण सप्तक १२०० सेंट मानले जाते. या मापाने पेटीचा शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गांधार मात्र सुमारे ३८६ सेंटवर असतो. षड्ज २४० हर्ट्‌झ धरल्यास स्वयंभू गांधार ३०० व पेटीचा सुमारे ३०२.४ हर्ट्‌झ होतो. फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण दोन्ही स्वर एकत्र धरले की उपस्वरांची टक्कर होऊन सेकंदाला नऊ-दहा विस्पंद, म्हणजे थरथर, ऐकू येते. पंचमात हा दोष केवळ २ सेंटचा असल्याने तो सहसा जाणवत नाही.

मग पेटी नैसर्गिक स्वरांतच का लावू नये? अडचण षड्ज बदलताना येते. काळी एकला षड्ज मानून पेटी लावली, तर तिचा शुद्ध रिषभ २०४ व शुद्ध धैवत ८८४ सेंटवर ठेवता येतो. पुढच्या गायकाने काळी दोनची पट्टी मागितली की हाच रिषभ षड्ज होतो आणि धैवत त्याचा पंचम. त्यांतील अंतर ६८० सेंट भरते. खऱ्या पंचमापेक्षा ते २२ सेंट कमी आहे. असा पंचम बेसूरच म्हणावा लागेल. शहापूर, मुरबाडसारख्या तालुक्यांतील भजनी मंडळात एकाच पेटीवर वेगवेगळ्या पट्टीचे बुवा गातात. तिथे समान विभागणीची पेटी टिकून राहिली यामागे अज्ञानापेक्षा सोयीचा भाग मोठा आहे.

देवल आणि क्लेमंट्स

देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या साहाय्याने त्यांनी स्वरांची मोजणी केली आणि १९१० मध्ये हिंदू स्वरसप्तक व बावीस श्रुती या विषयावर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. मुंबई इलाख्यात न्यायाधीश असलेल्या क्लेमंट्स यांनी हे काम उचलून धरले. लंडनच्या मूर अँड मूर कंपनीने त्यासाठी सप्तकात बारांहून अधिक स्वर असलेले हार्मोनियम बनवले. १९१६ च्या बडोदा संगीत परिषदेत ते मांडले गेले, पण जमलेल्या गायकांना पटले नाही. गायक एकाच रागात एकच श्रुती नेहमी जशीच्या तशी लावतो, हे गृहीतकच वादाचे होते. पट्ट्या वाढवूनही मींड आणि आंदोलन साधत नाहीत, हा आक्षेप त्याहून मूलभूत होता.

आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून हार्मोनियमवर बंदी घातली, तेव्हाही हेच दोन आक्षेप पुढे होते. १९७१ नंतर ती टप्प्याटप्प्याने सैल झाली. मधल्या काळात गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी नावारूपाला आणलेले हे वाद्य मैफलीतून आणि रंगभूमीवरून हटले नाही.

ओक यांची पेटी

ओक यांच्या रचनेत षड्ज व पंचम अचल आहेत. उरलेल्या दहा स्वरांना प्रत्येकी दोन पट्ट्या असून खुंटीने त्यांपैकी एक निवडतात; एकूण स्वर २२ होतात. राग सुरू करण्यापूर्वी कोमल गांधार २९४ सेंटचा हवा की ३१६ चा, हे वादक ठरवू शकतो. मींडेची उणीव अर्थात कायम राहते.

माउथ ऑर्गनशी तुलना

माउथ ऑर्गन हे याच जातीचे पट्टीवाद्य आहे, आणि अमेरिकेतील ब्लूज वादकांपुढेही असाच पेच असतो. ते बहुधा वाद्याच्या पंचमाला षड्ज धरून वाजवतात; आपल्याकडच्या मूर्च्छनेसारखाच हा प्रकार. होनर कंपनीच्या जुन्या मरीन बँड वाद्यांत पाचव्या छिद्रातील आत ओढून वाजवायचा स्वर मुद्दाम उतरता ठेवत, म्हणजे या नव्या षड्जाचा कोमल निषाद सुमारे ९६९ सेंटवर येऊन स्वरसंघात गोड लागे. तोच स्वर मूळ षड्जाचा मध्यम असल्याने साध्या चालीत तो सुमारे २७ सेंट उतरलेला वाटतो. समान विभागणीत चाल सुधारते, पण स्वरसंघात खरखरीत होतो. म्हणून पुढील काळात दोहोंच्या मधल्या जुळण्या आल्या. ‘कंट्री’ जुळणीत हाच पाचवा स्वर अर्ध्या स्वराने चढवतात, तर काही वादक कोमल गांधाराच्या जुळणीची वाद्ये वापरतात. ब्लूज वादकाला दोन सवलती मात्र मिळतात: तोंडाच्या पोकळीचा आकार बदलून काही स्वर खाली ओढता येतात, आणि प्रत्येक पट्टीसाठी वेगळे वाद्य खिशात बाळगता येते.