हौशी छायाचित्रकारांचा वारसा

छायाचित्रण ही केवळ धंदेवाल्यांची विद्या नव्हे. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड व बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. त्या काळी प्रवासात काचा, रसायने व काळोखा तंबू यांचे ओझे वाहावे लागे. 1888 च्या कोडॅकने गुंडाळीवर चित्रे घेण्याची सोय केली. 1925 चा लायका कॅमेरा कोटाच्या खिशात मावे. ओझे उतरले, चित्रे विपुल झाली. परंतु स्थळ व तिथी लिहिली नाही, तर पुढील पिढीस ती मुकीच! तळोज्याची किती भातखाचरे कारखान्यांखाली गेली. त्यांचे जुने चित्र घरी असल्यास पाठीवर चार शब्द आजच लिहावेत.